चौथी चाल घो-जी५: फ्राइड लिव्हर पाठ आहे, पुढे काय?

सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर या पट्ट्यातल्या बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत खालच्या पटांवरून एक चक्कर मारली तर एक स्थिती हमखास दिसते. पांढऱ्याचा उंट सी४ वर, घोडा जी५ वर, आणि दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर. ओपनिंगचं नाव टू नाइट्स डिफेन्स, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव. मुलं ती शिकतात ते ‘फ्राइड लिव्हर’ हल्ल्यासाठी: घोडा एफ७ वर द्यायचा, राजाला पटाच्या मधोमध ओढायचा आणि मात करायची.

अडचण अशी की फ्राइड लिव्हर पटावर येतो तो काळ्याने पाचव्या चालीला चूक केली तरच. ज्याने थोडी तयारी केली आहे तो चूक करत नाही. तो ५...घो-ए५ खेळतो, आणि तिथून पुढे हल्ला करायला आलेला पांढराच चार-पाच चाली मागे सरकत राहतो. पाठांतर संपलेलं, घड्याळ चालू, आणि एक प्यादं जास्त असूनही डाव हातातून जातो. म्हणून तयारीला दहा तास असतील तर फ्राइड लिव्हरला दोन द्या, एक-दोन ट्रॅक्सलरला (काळ्याचं ४...उं-सी५ हे उत्तर) आणि उरलेले सगळे घो-ए५ ला. हा लेखही त्याच प्रमाणात लिहिला आहे.

खाली रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसत्या घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल. क्रमांकानंतर तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) आणि ०-०-० वजिराच्या बाजूचा. पट समोर मांडूनच वाचा. मोबाईलच्या पडद्यावर बोटाने सोंगट्या सरकवत वाचलं तर यातलं निम्मंही डोक्यात राहत नाही.

सुरुवातीच्या चार चाली आणि त्यांचं कारण

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५

काळ्याने तिसऱ्या चालीला उं-सी५ न खेळता घोडा एफ६ वर आणला, म्हणजे ई४ च्या प्याद्यावर मारा केला. पण त्याचा एफ८ चा उंट अजून घरातच आहे, त्यामुळे त्याला लगेच किल्लेकोट करता येत नाही. एफ७ चं राखण एकटा राजा करतो आणि आता त्यावर मारा दोघांचा. घो-जी५ चं सगळं बळ या एका मोकळ्या खेळीत आहे.

सुरुवातीला एकच मोहरा दोनदा हलवू नये हा नियम ही चाल उघडउघड मोडते. जर्मन उस्ताद टाराशने तिला कच्च्या खेळाडूची चाल म्हणून हिणवलं होतं. तरीही ती टिकली, कारण तिला उत्तर देताना काळ्याला प्यादं गमवावं लागतं किंवा मोठी जोखीम घ्यावी लागते.

काळ्याची चुकीची उत्तरं आधी उरकून टाकू. ४...एच६ खेळला तर ५. घो×एफ७, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम मारा. ४...व-ई७ ला ५. उं×एफ७+ रा-डी८ ६. उं-बी३, प्यादं आलं आणि काळ्याचा किल्लेकोट कायमचा गेला.

४...घो×ई४ जरा फसवी आहे. इथे घाईने ५. घो×एफ७ मारलं तर ५...व-एच४ येते आणि हल्ला उलटतो. ५. घो×ई४ मारलं तर ५...डी५ ने काळा मोहरा परत मिळवतो. बरोबर चाल ५. उं×एफ७+ रा-ई७ ६. डी४. आता ६...एच६ ७. घो×ई४ रा×एफ७ ८. डी×ई५ असं गेलं तर पांढऱ्याचं एक प्यादं जास्त, आणि ८...घो×ई५ मारता येत नाही, कारण ९. व-डी५+ ने शहही बसतो आणि तो घोडाही जातो.

म्हणून काळ्याकडे विचार करण्याजोगी उत्तरं दोनच: ४...डी५ आणि ४...उं-सी५.

फ्राइड लिव्हर: थोडक्यात पण नेमकं

४...डी५ ५. ई×डी५ घो×डी५ ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३+

इथे काळ्याचा राजा कुठे जातो यावर सगळं ठरतं. ७...रा-जी८ गेला तर ८. उं×डी५+ व×डी५ ९. व×डी५+ उं-ई६ १०. व×ई६ मात. ७...रा-ई८ गेला तर ८. उं×डी५ आणि व-एफ७ मातीची धमकी; ती ८...व-ई७ ने थांबते, पण घोडा परत आला, प्यादं जास्त आणि राजा उघडा. म्हणून डी५ चा घोडा वाचवायचा तर ७...रा-ई६ हीच चाल.

राजा ई६ वर आल्यावर पुष्कळ मुलं जी८ च्या प्रकारातली पाठ असलेली चाल इथे चिकटवतात: ८. उं×डी५+. हा घात आहे. ८...व×डी५ नंतर वजीर बदलला तर ९...रा×डी५ ने राजाच मारतो आणि पांढरा एका मोहऱ्याने मागे पडतो. राजा जी८ वर असताना डी५ चं घर राजाच्या राखणीत नव्हतं, ई६ वर असताना ते आहे. एवढाच फरक, पण डाव त्याच्यावर फिरतो.

बरोबर चाल ८. घो-सी३. डी५ चा घोडा राजापुढे जखडलेला आहे, त्यावर तिसरा मारा वाढवायचा. आता काळ्याच्या दोन चाली लक्षात ठेवायच्या.

८...घो-बी४ (सी६ चा घोडा) आल्यास ९. व-ई४. हा वजीर एकाच वेळी सी२ राखतो, डी५ वर दाब ठेवतो आणि ई५ च्या प्याद्यालाही राजापुढे जखडतो. पुढे ९...सी६ १०. ए३ घो-ए६ ११. डी४ घो-सी७ (ए६ वरचा) १२. उं-एफ४. नवव्या चालीला ए३ खेळणारेही आहेत, पण मग ९...घो×सी२+ ने गोंधळ वाढतो. व-ई४ जास्त भरवशाची.

८...घो-ई७ (सी६ चाच घोडा) आल्यास ९. डी४. या रस्त्याचा एक डाव सुमारे १६१० चा आहे, इटालियन खेळाडू पोलेरिओचा, आणि चारशे वर्षांनंतरही तो पटावर मांडून पाहण्यासारखा आहे: ९...सी६ १०. उं-जी५ एच६ ११. उं×ई७ उं×ई७ १२. ०-०-० ह-एफ८ १३. व-ई४ ह×एफ२ १४. डी×ई५ उं-जी५+ १५. रा-बी१ ह-डी२ १६. एच४ ह×डी१+ १७. ह×डी१ उं×एच४ १८. घो×डी५ सी×डी५ १९. ह×डी५ व-जी५ २०. ह-डी६+ रा-ई७ २१. ह-जी६, आणि काळ्याने डाव सोडला. विसाव्या चालीचा शह दुहेरी आहे: हत्तीचाही आणि मागून उघडलेल्या उंटाचाही. या डावात बाराव्या चालीचा लांब किल्लेकोट बघा. सगळे मोहरे बाहेर काढल्यावरच पांढऱ्याने मारामारी उघडली आहे. घोडा देऊन झाल्यावर वजीर आणि उंट एवढ्या दोघांवरच मात करायला जाणाऱ्यांचा हल्ला दहाव्या-अकराव्या चालीला आटतो.

सहाव्या चालीला घो×एफ७ ऐवजी ६. डी४ (लोली हल्ला) हीही तितकीच जोरदार, काहींच्या मते त्याहून जास्त. सी१ चा उंट मोकळा होतो आणि एफ७ वरची धमकी तशीच राहते. पण एका वेळी एकच शिका. दोन्ही अर्धवट येणाऱ्याला स्पर्धेत दोन्हींतलं काहीच आठवत नाही.

खरी परीक्षा: ५...घो-ए५

४...डी५ ५. ई×डी५ घो-ए५ ६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६

काळ्याने एक प्यादं दिलं आणि बदल्यात वेळ घेतला. पांढऱ्याचा उंट हल्ल्यात आहे, घोडा जी५ वर लोंबकळतोय, आणि दोन्ही मागे घेताना काळा आपले मोहरे फुकटात बाहेर काढणार. इथून पुढे पांढऱ्याने मनोवृत्ती बदलावी लागते. आता तुम्ही हल्लेखोर नाही, तुम्ही सावकार आहात: प्यादं खिशात आहे, ते सांभाळायचं. हा बदल जमत नसेल तर ही ओपनिंग तुमच्यासाठी नाही. तिसऱ्या चालीला उं-सी४ ऐवजी उं-बी५ खेळा.

आठव्या चालीला तीन रस्ते आहेत.

*८. उं-ई२.* जुना, सर्वांत जास्त खेळला गेलेला. ८...एच६ ९. घो-एफ३ ई४ १०. घो-ई५. दहाव्या चालीला घोडा डी४ वर टाकला तर १०...व×डी४ ने फुकट जातो, कारण डी२ चं प्यादं स्वतःच्याच वजिराची वाट अडवून बसलेलं असतं. ही चूक रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) आश्चर्य वाटावं इतक्या वेळा होते.

आता काळ्याच्या तीन चाली. पहिली, १०...उं-डी६. त्यावर ११. डी४ ई×डी३ (जाता-जाता मारणं, म्हणजे दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं तिरकं मारणं) १२. घो×डी३ व-सी७. काळ्याचा वजीर आणि उंट एका तिरक्या रेषेत, दोघांचा रोख एच२ वर. एच२ चं राखण फक्त हत्ती करतो, म्हणून १३. एच३ ०-० १४. ०-०. इथे एच३ विसरून दुसरीकडे मोहरा काढला तर घेतलेलं प्यादं परत जातं, शिवाय राजाची बाजू फुटते.

दुसरी, १०...उं-सी५. हिच्यामागे व-डी४ चा डाव आहे: ई५ चा घोडा आणि एफ२ दोन्हींवर मारा. उत्तर ११. सी३, डी४ चं घर बंद. इथे ‘किल्लेकोट लवकर करावा’ हे सुभाषित आठवून ११. ०-० खेळणाऱ्याला ११...व-डी४ ने पुढच्या दहा चाली घाम फुटतो.

तिसरी, १०...व-डी४ लगेच. ११. एफ४ उं-सी५ १२. ह-एफ१. किल्लेकोट गेला, पण घाबरू नका; पुढे सी३ ने वजिराला हाकलता येतं. बारावी चाल मात्र पाठच हवी. एफ२ वरची मात थोपवायला पटावर शोधत बसलात तर दहा मिनिटं जातात.

या सगळ्यातून बाहेर आल्यावर पुढची योजना साधी आहे: घो-डी२, बी३, उं-बी२. बी३ चं प्यादं काळ्याच्या ए५ वरच्या घोड्याचं सी४ घर काढून घेतं. तो घोडा कडेला पडून राहिला तर पांढऱ्याचं निम्मं काम झालं. काळ्याची ए७ आणि सी६ ची प्यादी एकेकटी आहेत, त्यांना शेजारी उरलेला नाही. त्यामुळे मोहरे जितके बदलले जातील तितकं पांढऱ्याचं भलं, आणि वजीर बदलला गेला तर बहुतेक धोका संपलाच. काळ्याचं उलट: मोहरे पटावर ठेवायचे, ह-ई८, उं-एफ५ आणून पांढऱ्याला वजिराची बाजू उघडू द्यायची नाही.

*८. उं-डी३.* दिसायला वेडीवाकडी चाल, डी२ चं प्यादं आणि सी१ चा उंट दोन्ही अडवणारी. पण ती ई४ चं घर धरून ठेवते, म्हणजे काळ्याचं ई५-ई४ हे त्रासदायक पुढे येणं थांबतं, आणि जी५ च्या घोड्यालाही ई४ ची वाट मिळते. ८...घो-डी५ (आता काळ्याच्या वजिराचा जी५ वर मारा) ९. घो-एफ३ उं-डी६ १०. ०-०, मग ह-ई१, उं-एफ१ आणि डी४. काळ्याने १०...घो-एफ४ ११. ह-ई१ घो×डी३ १२. सी×डी३ असं केलं तर त्याला दोन्ही उंट मिळतात, पण प्यादं तुमच्याकडेच. लक्षात ठेवायच्या चाली कमी असल्यामुळे शाळकरी खेळाडूंना आम्ही हाच रस्ता सुचवू.

*८. व-एफ३.* सापळ्याची चाल. ८...सी×बी५ मारलं तर ९. व×ए८. पण ज्याला ८...ह-बी८ माहीत आहे त्याच्यासमोर पांढऱ्याचा वजीर लवकर बाहेर पडलेला असतो आणि सी६ चं दुसरं प्यादं घेण्याचा मोह होतो. तो मोह महागात जातो.

उं-ई२ च्या रस्त्यात नवव्या चालीला घो-एच३ ही पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याची जुनी चालही आहे. अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९६३ साली बिझगायरविरुद्ध ती खेळून डाव जिंकला. काळ्याने उं×एच३ मारलं की जी×एच३ ने राजापुढची प्यादी मोडतात, पण पांढऱ्याला दोन्ही उंट मिळतात. दोन उंटांनी खेळायची सवय नसलेल्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

मधल्या फांद्या

५...घो-डी४ (फ्रिट्झ) आणि ५...बी५ (उल्व्हेस्टॅड) बऱ्याचदा एकाच जागी येऊन मिळतात. ५...बी५ वर ६. उं×बी५ मारू नका; ६...व×डी५ ने वजीर मधोमध येऊन जी२ वर नजर लावतो. चाल आहे ६. उं-एफ१, घरी परत. विचित्र दिसते पण जी२ राखते. ६...घो-डी४ ७. सी३ घो×डी५ ८. सी×डी४ व×जी५ ९. उं×बी५+ रा-डी८ १०. ०-०. काळ्याचा राजा उघडा आहे पण त्याचे मोहरेही जागे आहेत, म्हणून पुढची चाल घाईने खेळू नका.

ट्रॅक्सलर: ४...उं-सी५

काळा एफ७ कडे बघतच नाही. तुम्ही हत्ती घ्या, मी तुमचा राजा घेतो असा व्यवहार. १८९० साली कारेल ट्रॅक्सलरने या ओपनिंगमध्ये वजीर देऊन सतराव्या चालीला प्याद्याने मात केली, आणि चालीला त्याचं नाव मिळालं.

५. घो×एफ७ उं×एफ२+ इथून पांढऱ्यासाठी जंगल सुरू होतं. ६. रा×एफ२ घो×ई४+ ७. रा-जी१ व-एच४ ८. जी३ घो×जी३, आणि हत्ती घ्यायला आलेला तुमचा घोडा एफ७ वरून तमाशा बघत राहतो. अचूक खेळलं तर यातून पांढरा सुटतो, पण काळ्याने हे घरी पन्नास वेळा पाहिलेलं असतं आणि तुम्ही पहिल्यांदा बघता. त्याच्या अंगणात जायचं कारण नाही.

त्याऐवजी ५. उं×एफ७+ रा-ई७ ६. उं-बी३. प्यादं घेतलं, उंट सुखरूप मागे, काळ्याच्या राजाला आता किल्लेकोट नाही. नेहमीचा क्रम: ६...ह-एफ८ ७. ०-० डी६ ८. घो-सी३ व-ई८ ९. घो-डी५+ रा-डी८ १०. सी३. शेवटची चाल डी४ चं घर काळ्याच्या घोड्याला बंद करते. काळ्याचा वजीर जी६ किंवा एच५ कडे येणार हे धरून चाला. उंट एफ७ वरच ठेवून दुसरं काही खेळू नका. ह-एफ८ आल्यावर त्याला परतायला एक चाल वाया जाते आणि जी५ चा घोडाही अडचणीत येतो.

काळ्या बाजूने

हाच लेख उलटा वाचा. ५...घो×डी५ कधीच नाही. ५...घो-ए५ शिका आणि तेराव्या चालीपर्यंतचा क्रम कागदावर न बघता मांडता येईल इतका करा. एवढा वेळ नसेल तर ३...उं-सी५ खेळून हा प्रश्नच टाळा, त्यात कमीपणा काही नाही. ट्रॅक्सलर रॅपिडमध्ये गुण मिळवून देतो. दीड तासाच्या डावात तयारी केलेल्या पांढऱ्यासमोर तो धोक्याचा जुगार आहे.

तीन आठवड्यांची तयारी

पहिल्या आठवड्यात वही. एका पानावर एकच फांदी, प्रत्येक चालीपुढे कारण, चार शब्दांत. ‘१३. एच३ – एच२ वर दोन मारे’ असं. कारण लिहिता येत नसेल तर ती चाल तुम्हाला कळलेली नाही, आणि समोरच्याने क्रम बदलला की ती विसरणार. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ओपनिंगचा डेटाबेस आणि स्टडी फुकट आहेत, ते पुरेसे आहेत. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) मात्र बंद ठेवा. ते ‘पांढरा किंचित बरा’ असा आकडा दाखवतं, पण त्या किंचितपणासाठी पुढे काय करायचं हे सांगत नाही.

दुसरा आठवडा नुसता खेळण्याचा. ८. उं-ई२ किंवा ८. उं-डी३ नंतरची स्थिती मांडा आणि तिथून पुढे जोडीदाराबरोबर पंधरा मिनिटांचे डाव, बाजू बदलून. काळ्याकडून खेळल्याशिवाय पांढऱ्याचा त्रास कळत नाही. प्रत्येक डावानंतर फक्त पहिल्या वीस चाली तपासा.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन चालू करा आणि तुमच्या वहीतल्या प्रश्नचिन्हांची उत्तरं घ्या. नवी फांदी सुरू करू नका. स्पर्धेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर नवीन सापळा पाहून दुसऱ्या दिवशी तो लावायला जाणं, हे या पट्ट्यात हरण्याचं फार जुनं कारण आहे.

आणखी एक गोष्ट इथली खास. सांगली-कोल्हापूरकडच्या स्पर्धांमध्ये तीच तीच माणसं पुन्हा भेटतात. चेस-रिझल्ट्स या निकालांच्या संकेतस्थळावर पुढच्या फेरीची जोडी लागली की कोण काय खेळतो याची चौकशी अर्ध्या तासात होते. तुमची घो-जी५ दोन स्पर्धांनंतर सगळ्यांना माहीत झालेली असणार, म्हणून आश्चर्याच्या धक्क्यावर विसंबणारी तयारी इथे टिकत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून सांगलीत जी स्पर्धांची सवय लावली आणि जिथून महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे घडल्या, त्या गावात समोरचा पाच चाली बघून बसलेला आहे असंच धरावं.

जुन्या घरांतून आजोबांकडून देशी पद्धतीने खेळायला शिकलेली मुलं अजून भेटतात. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. अशा मुलाला जाता-जाता मारण्याचा नियम वेगळा बसून शिकवा, कारण वर ११. डी४ ई×डी३ इथे तो लागतोच.

स्पर्धेच्या पटावर

नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद अशी वेळ असेल तर पहिल्या सात चालींना मिळून पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. पण आठव्या चालीला थांबा, पाठ असली तरी. समोरच्याने क्रम थोडा बदलला आहे का, कुठलं प्यादं वेगळ्या घरावर आहे का, हे तिथे दोन मिनिटं पाहिलं की पुढच्या पंधरा वाचतात. तिखट ओपनिंगमध्ये पाठ चाली धडाधड खेळण्याचा झपाटा लागतो आणि पाठांतर संपल्यावरची पहिली चालही त्याच झपाट्यात खेळली जाते. बहुतेक डाव तिथेच जातात.

मोहऱ्याला हात लावला की तोच हलवावा लागतो. किल्लेकोट करताना आधी राजा उचला, एकाच हाताने, मग हत्ती. हत्तीला आधी हात लागला तर पंच किल्लेकोट नाकारू शकतात. ट्रॅक्सलरमध्ये ५...रा-ई७ नंतर काळ्याचा राजा कधी ई८ वर परतला तरी त्याला किल्लेकोट नाही, आणि ८. उं-ई२ च्या रस्त्यातल्या १२. ह-एफ१ नंतर पांढऱ्याला त्या बाजूचा नाही. दोघांनीही लक्ष ठेवा: क्लासिकल डावात पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, दुसऱ्या बेकायदा चालीला डाव जातो. समोरच्याने अशी चाल केली तर घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा; वाद घालत बसू नका.

चाल आधी खेळायची, मग लिहायची. बरोबरी मागायची तर चाल खेळून, मागून, मगच घड्याळ दाबायचं. मोबाईल पिशवीत बंद. तो वाजला तर प्यादं जास्त असण्याचा काही उपयोग नाही.

रेटिंगची काळजी करणाऱ्यांसाठी: १ मार्च २०२४ पासून फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) यादीतलं किमान रेटिंग १४०० झालं आहे, त्यामुळे नव्याने यादीत येणाऱ्याचा आकडा पूर्वीसारखा हजाराच्या आसपास नसतो. समोरच्याचा १४५० आकडा पाहून ‘याला फ्राइड लिव्हर चालेल’ असा अंदाज बांधू नका.

सांगलीच्या मे महिन्यात दुपारची फेरी म्हणजे सभागृहात पंख्याखालीही अंग चिकट होतं. पाण्याची बाटली आणि रुमाल जवळ ठेवा, आणि सकाळ-दुपार दोन लांब फेऱ्या असतील तर दुपारच्या फेरीला ८. उं-डी३ खेळा, उं-ई२ नको. थकलेल्या डोक्याला कमी फांद्या हव्यात.

डाव संपल्यावर समोरच्याला विचारा, तो बहुधा तयार असतो: बाहेर पट मांडून, इंजिनशिवाय, आठव्या ते अठराव्या चालीपर्यंत एकदा फिरा. कुठल्या चालीला तुम्ही वहीबाहेर पडलात तिथे स्कोअरशीटवर खूण करा आणि घरी गेल्यावर ती एक ओळ त्याच फांदीच्या पानावर लिहा, त्याने खेळलेली चाल आणि तुम्हाला तेव्हा सुचलेली चाल दोन्ही.